माझी संमती नाही

माझ्या नवऱ्याचा सत्कार व्हायचा होता. शाल, श्रीफळ, बस्तीसमोरच्या, म्हणजे गावातल्या जैन मंदिरासमोरच्या मांडवात, सगळ्या गावासमोर. आणि अख्ख्या गावात या सत्काराला विरोध असलेली मी एकटीच होते. सासूनं तर नेसायची साडी कधीच काढून ठेवली होती.

सत्कार होता तो कडक व्रताबद्दल. त्यानं मौन धरलंय म्हणे. एकभुक्त राहतोय म्हणे. गादी सोडून चटईवर निजतोय म्हणे. आणि एवढ्या तरुण वयात बायकोपासून लांब राहतोय, हे तर कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, पण सगळ्यांनी मनात त्याचीच वाहवा जास्त केली होती. यातलं एकूण एक खरं होतं. फक्त ते व्रत नव्हतं. माझा नवरा आजारी होता आणि त्याच्या आजाराला हार घालायची तयारी चालली होती.

मी मूळची कोयनानगरची. वडील धरणाच्या प्रकल्पात नोकरीला होते, त्यामुळे लहानपण वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये गेलं. तिथल्या पावसात पत्र्यावर इतका आवाज होतो की हळू बोललेलं कुणाला ऐकूच येत नाही. आमच्या घरात प्रेमसुद्धा ओरडून करतात. शिकायला सांगलीला आले, विश्रामबागच्या कॉलेजात, आणि तिथं हा भेटला. जवळच्याच गावातल्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. वडील तो शाळेत असतानाच वारलेले. आईनं आणि चुलत्यांनी वाढवलेला.

तो बोलका होता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर ज्यांनी त्याला पाहिलं ते म्हणायचे, असेल बाई, काही माणसं जात्याच अबोल असतात. अजिबात नाही. ठिबक सिंचनाच्या नळ्या या विषयावर हा माणूस अख्खी संध्याकाळ बोलू शकायचा आणि मी ऐकायचे, यावरून आमचं प्रेम किती खरं होतं ते कळावं. कॉलेज संपल्यावर त्यानं त्याच नळ्यांचं दुकान काढलं आणि मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले. दोन्ही घरांनी आधी नाकं मुरडली. माझ्या घरी आठवड्याला मासे, त्याच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा नाही. वडील म्हणाले, "मासा सोडशील गं, पण राग कसा सोडणार?" मी मासा सोडला. राग ठेवला, आणि पुढं तोच कामी आला.

लग्नानंतर विश्रामबागला फ्लॅट घेतला. सुट्टीला आणि सणाला गावी जायचं. तिथं सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात. मला आधी ते विचित्र वाटायचं, पण मग आवडायला लागलं, कारण जेवण उरकल्यावर संध्याकाळ अख्खी आपली. गच्चीवर बसायचं आणि बोलत राहायचं. लोकांसमोर मी त्याला अहो म्हणायचे आणि गच्चीवर अरे. त्या अरेमध्ये आमचा सगळा संसार होता.

आजार कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. काही घडलं असतं तर बरं झालं असतं. नुकसान, भांडण, अपघात, कुणाचं मरण, काहीही. लोक तेच तर विचारायचे: झालं काय पण? काही झालं नव्हतं. दुकान चालत होतं, ऊस वेळेवर तुटत होता, आम्ही दोघं धडधाकट होतो. आणि हा माणूस हळूहळू कमी व्हायला लागला.

आधी त्याच्या गोष्टींचा शेवट जायला लागला. दुकानातलं काहीतरी सांगायला सुरुवात करायचा आणि मध्येच म्हणायचा, "जाऊ दे." मग सुरुवातही गेली. मग मी बोलले की "हं". मग तो "हं"सुद्धा असा यायचा की त्यापेक्षा न आलेला परवडला. मी चिडायचे. मी कॉलेजातून दिवसभराचं साठवून आणायचे आणि ते भिंतीला सांगावं लागायचं. एकदा मी मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. त्यानं चुपचाप खाल्ली. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

अंगाचं तर विचारूच नका. आधी सकाळी चहाच्या वेळी पाठीवर टेकणारा हात गेला, मग रात्री कुशीवर वळून जवळ येणं गेलं. मी जवळ गेले तर तो ताठ व्हायचा, परीक्षा द्यायला बसल्यासारखा. मग म्हणायचा, "दमलोय." मला वाटलं, मी नकोशी झालेय. आरशासमोर उभी राहून स्वतःत काय काय बिघडलंय ते शोधलं. मग वाटलं, दुसरी कुणीतरी असणार. तो शोधही मनापासून घेतला, आणि कुणी नाही हे कळल्यावर चक्क निराश झाले. बाई असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. इथं भांडायला समोर कुणी नव्हतंच.

एक दिवस त्यानं गादी सोडली आणि खाली चटई टाकली. मी विचारलं, का? तो म्हणाला, "तुझ्याशेजारी पडलो की वाटतं, तू वाट बघतीयास." मी खरंच वाट बघत होते. पण आता पलंगावरून खाली बघत वाट बघायची होती एवढंच.

आणि नेमकी त्याच सुमाराला सासू आमच्याकडे राहायला आली. तिला सगळे आक्का म्हणतात, मीही. आक्का म्हणजे कामाला वाघ, तोंडानं फटकळ आणि धर्माची पक्की. चातुर्मास लागत होता. चातुर्मासात त्यांच्याकडे जो तो काहीतरी नियम घेतो. कुणी साखर सोडतं, कुणी वांगं, एका जावेनं तर संध्याकाळनंतर मोबाइल सोडला होता आणि तिच्या नवऱ्यानं देवापुढं नारळ फोडला होता. आक्कानं लेकाला विचारलं, "तू काय सोडणार हाईस रं औंदा?" तो काहीच बोलला नाही. आक्कानं त्याच्याकडे टक लावून बघितलं. मग चटई बघितली. मग ताटात उरलेली भाकरी बघितली, आणि संध्याकाळी तो जेवायलाच उठला नाही हे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटले! हिला कळलं. आईच ती, तिला कळणारच.

तर ती मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "बोलून दावत न्हाई बघ माझा लेक. गुपचूप नियम धरलाय त्यानं. मौनाचा. तू आता त्येच्या आडवी यिऊ नगंस."

मी म्हणाले, "आक्का, नियम नाही हो, त्यांना बरं नाहीये."

"बरं नसाया काय झालंय? ताप न्हाई, खोकला न्हाई. चेहऱ्यावर तेज कसं आलंय बघ की."

ते तेज नव्हतं, गालफडं बसली होती. पण आक्का गावी गेली ती बातमी घेऊन. पुढच्या वेळी आम्ही गावात गेलो तेव्हा बस्तीतून येणाऱ्या बायका मला थांबवून म्हणायला लागल्या, "लय भाग्याची हाईस गं. असा नवरा मिळाया पुण्य लागतं." मी मान डोलवायचे आणि दात आवळायचे. आणि त्याचं काय म्हणणं होतं? काहीच नाही. उलट त्याला ते सोयीचंच पडलं. व्रत करणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की तू बोलत का नाहीस, जेवत का नाहीस. लोक आदरानं बाजूला होतात. आजवर जो कोपरा तो लपायला शोधत होता, तो गावानं त्याला सारवून, रांगोळी काढून दिला.

श्रावणात मी त्याला घेऊन माहेरी गेले. घाटातून वर जाताना खिडकीबाहेर सगळं हिरवं आणि धुकं, एरवी तो गाडी थांबवायला लावायचा. या वेळी डोळे मिटून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे चहा घेत होतो आणि हादरा बसला. कोयनेला हे नवं नाही. फळीवरची भांडी वाजतात, खिडकीची काच थरथरते, आणि आम्ही सगळे विचार न करता दाराबाहेर असतो. मीही अंगणात होते. आई, वडील, शेजारची माणसं, सगळी बाहेर. शेजाऱ्यांनी कपसुद्धा हातात धरून आणला होता. वडील हसत म्हणाले, "आज जरा जोरात होता." आणि मी बघितलं तर माझा नवरा नव्हता.

तो आत होता. त्याच खुर्चीवर, तसाच. मला वाटलं, नवखा माणूस, घाबरून गोठला असेल. मी आत जाऊन त्याचा दंड धरला आणि ओरडले, "अरे पळायचं असतं! कुणी शिकवलं नाही का तुला?"

तो माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "पडलं असतं तर बरं झालं असतं."

मी त्याच्याशेजारी खाली बसले. बाहेर लोक गप्पा मारत होते, आई मला हाका मारत होती. त्या क्षणी माझं सगळं रुसणं, आरसा, झिंज्या, सगळं गळून पडलं. हा माझ्यावर रागावला नव्हता. हा देवाकडेही निघाला नव्हता. हा मरणाकडे तोंड करून बसला होता आणि आम्ही सगळे त्याची पाठ बघून वेगवेगळे अर्थ लावत होतो.

सांगलीला परतल्याबरोबर मी मिरजेच्या एका मानसोपचार डॉक्टरांची वेळ घेतली. तो नको म्हणाला नाही. तयार झाला, गाडीत बसला, आणि दवाखान्याच्या दारात पोचल्यावर उतरलाच नाही. मी विनवलं, रडले, चिडले. तो म्हणाला, "उतरायला जमत नाहीये." तसेच परत आलो. त्यात हे कुणीतरी आक्काच्या कानावर घातलं. ती फोनवर कडाडली, "माझ्या पोराला येड्याच्या डॉक्टरकडं न्हेतीस? धर्माला लागलेल्या माणसाला?" मी फोन ठेवून दिला, आयुष्यात पहिल्यांदा. मग उशीत तोंड खुपसून ओरडले. मग उठून दुसरी वेळ घेतली.

पण त्याआधी दशलक्षण पर्व आलं. भाद्रपदातले दहा दिवस. त्यांच्याकडचा मोठा सण, घरातली सगळी माणसं गावी जमतात. त्या चातुर्मासात गावात एक महाराज मुक्कामाला होते, त्यामुळे रोज प्रवचन, मांडव, माणसांची रीघ. काहीजण दहाही दिवस नुसत्या पाण्यावर राहतात आणि शेवटी त्यांचा सत्कार होतो. चुलतसासऱ्यांनी, म्हणजे ज्यांना सगळे अण्णा म्हणतात त्यांनी, त्यात माझ्या नवऱ्याचं नाव घातलं. आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. सत्कारानंतर त्यानं महाराजांसमोर एक वर्षाचा नियम घ्यावा, असं त्यांनी ठरवून टाकलं. एक वर्ष मौन, एक वेळचं जेवण आणि ब्रह्मचर्य. अण्णांचा त्यात दुष्टपणा नव्हता, हे सांगायला हवं. बाप नसलेल्या पुतण्याचं नाव व्हावं, घराण्याची शोभा वाढावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. चांगल्या माणसांशी लढणं फार अवघड असतं.

मला कळत होतं की हे झालं तर संपलं. एकदा हा नियमाच्या आत गेला की त्याला डॉक्टरकडे नेणं म्हणजे व्रतभंग. त्याला जेवायला लावणं म्हणजे पाप. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तरी गाव मला नावं ठेवणार. वर्षभर. त्याच्याकडे वर्ष आहे की नाही हे मला माहीत नव्हतं.

सत्काराच्या आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर मी त्याला गच्चीवर नेलं. अजून उजेड होता. मी विचारलं, "तुला घ्यायचाय का हा नियम? खरं सांग. तुला मनापासून घ्यायचा असेल तर मी आड येणार नाही, शपथ."

तो उसाकडे बघत म्हणाला, "काहीही चालेल."

"काहीही म्हणजे?"

"म्हणजे... मला काही हवंच नाहीये गं. हेही नाही, तेही नाही. नाही म्हणायलासुद्धा जोर लागतो."

एवढी लांब वाक्यं तो कितीतरी महिन्यांत बोलला नव्हता. मी म्हणाले, "मग मी म्हणू का? तुझ्या वतीनं?" त्यानं माझ्याकडे बघितलं. खरंच बघितलं. मी ते होकार समजले, आणि नसता तरी समजले असते.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. समोर महाराज, आणि त्यांच्यापुढं उपवास केलेल्यांची रांग. खऱ्या उपवासाच्या त्या बायका थकलेल्या होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, डोळे चमकत होते. आणि त्यांच्याच रांगेत शेवटी हा, मान खाली. मी ते दोन्ही चेहरे एकत्र पहिल्यांदाच बघत होते. इतका सरळ फरक लोकांना दिसत कसा नव्हता?

अण्णांनी माईकवरून कौतुक केलं आणि वर्षाच्या नियमाचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. आक्का माझ्या शेजारी पदरानं डोळे पुसत होती. मग महाराजांनी हात वर केला, टाळ्या थांबल्या. ते म्हणाले, "संसारी माणसाचा असा नियम एकट्याचा नसतो. पत्नीची संमती आहे ना?"

"आवं महाराज, हाय की," अण्णा म्हणाले. "समद्या घराची हाय."

"घराची नाही. तिची विचारतोय."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. कुणीतरी माईक हातात आणून दिला. एवढ्या माणसांसमोर मी कधी बोलले नव्हते; वर्गात बोलायचे, पण तिथं न्यूटनचे नियम, इथं माझं अंथरूण. नाही म्हटलं की काय म्हणणार लोक, ते मला पाठ होतं. बाहेरून आलेली. हावरी. देवमाणसाला मागं ओढणारी. आणि मग मला आपला राग सापडला, जिथं ठेवला होता तिथंच.

"नाही," मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला की स्पीकर किंचाळला. "माझी संमती नाही."

बायकांत कुजबुज उठली. अण्णा म्हणाले, "पोरी, बस खाली. समजून घे जरा."

"मी समजूनच घेतेय, अण्णा. बाकी कुणी घेत नाहीये. हे व्रत नाही. यांना भूक लागत नाही म्हणून हे जेवत नाहीत. झोप लागत नाही. बोलायला जमत नाही म्हणून बोलत नाहीत. यांचं मन आजारी आहे. या उपवास केलेल्या बायकांकडे बघा आणि यांच्याकडे बघा. यांच्या तोंडावर कुठं आनंद दिसतोय तुम्हाला? यांना शाल नको, औषध द्या." इथं थांबले असते तर चाललं असतं. पण मी थांबले नाही. "आणि मला माझा नवरा हवाय. सगळा हवाय. मला त्याची लाज नाही वाटत."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. आक्कानं माझ्या साडीचा काठ धरून खाली ओढलं. मी उभीच राहिले. महाराज माझ्यावर रागावले नाहीत, हसलेही नाहीत. ते माझ्या नवऱ्याकडे वळले आणि म्हणाले, "तूच सांग."

आणि मग सगळे थांबले. तो बोलेना. लोक चुळबुळले, खोकले, एक मूल रडलं आणि गप्प झालं. मी मनात म्हटलं, बघा, बसा आता वाट बघत. मी हे रोज करते. कळू दे सगळ्या गावाला, एका शब्दाची वाट बघणं काय असतं ते. तो गप्पच राहिला असता तर तेही मौन ठरलं असतं आणि मी कायमची खोटी.

त्यानं मान वर केली. माईककडे हात केला. कुणीतरी तो त्याच्या तोंडापुढं धरला.

"ती खरं बोलतीया," तो म्हणाला. आवाज बसलेला होता, वापर नसल्यासारखा. "मी काय नियम घेतला नव्हता. मला... मला बरं नाही वाटत. लय दिवस झालं. मला कुणीतरी डॉक्टरकडं न्या."

मी रडले. मांडवात, सगळ्यांसमोर, तोंड उघडं टाकून रडले. महाराज एवढंच म्हणाले, "मग हा नियम होत नाही. आधी बरा हो." आणि कार्यक्रम पुढं सुरू झाला. शाली खऱ्या उपवासाच्या बायकांना मिळाल्या, आणि मी त्या प्रत्येकीसाठी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर आक्कानं लेकासमोर उभं राहून विचारलं, "मला का रं सांगितलं न्हाईस?"

तो म्हणाला, "तू विचारलं नाहीस, आई. तू लोकांना सांगितलंस."

आक्का भिंतीला टेकून खाली बसली. ही आता आकांत करणार असं मला वाटलं. तिनं नाक शिंकरलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं मिरजंला? मी म्होरं बसणार. मला मागं मळमळतंय."

दवाखान्यात या खेपेला तो गाडीतून उतरला, कारण आक्कानं आधी उतरून त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. आत बसल्यावर तिनं रांगेतल्या प्रत्येकाची चौकशी केली. कुणाला काय होतं, कधीपासून होतं, जेवण जातं का. एका पोरसवदा मुलीला तर तिनं घरी हळदीचं दूध घ्यायला सांगितलं. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी त्याला आत एकट्याला घेतलं, मग आम्हाला बोलावलं. नैराश्य आहे, म्हणाल्या, बरा होणारा आजार आहे, पण वेळ घेईल. आक्कानं विचारलं, "कशानं झालं?" डॉक्टर म्हणाल्या, "कधी कधी काही न होताही होतं." माझ्या मनावरचा एक धोंडा तिथंच उतरला.

औषधं सुरू झाली. सोबत दर आठवड्याला बोलायला जायचं. झटक्यात काही झालं नाही. मध्ये गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायचा, मध्ये म्हणायचा, काही उपयोग नाही. काही दिवस मी इतकी थकायचे की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकून बसायचे. डॉक्टरांनी मला एक सांगितलं होतं: का गप्प आहेस, असं विचारायचं नाही. आणि त्याला सांगितलं होतं की जमत नसेल तर तसं म्हणायचं, पूर्ण वाक्यात. मग तो म्हणायला लागला, "आज मला बोलायला जमत नाहीये. तुझ्यावर राग नाही." तेवढ्या वाक्यावर माझा अख्खा दिवस निघायचा. मी शेजारी बसून पेपर तपासायचे. जवळ असणं आणि काहीतरी मागत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं.

एका संध्याकाळी त्यानं आपणहून सांगितलं, "तू बोलायचीस ना, ते सगळं ऐकू यायचं. उत्तर द्यायला पाहिजे तेही कळायचं. पण शब्द आणायला इतकं लांब जावं लागायचं, की जाऊन येईपर्यंत तू चिडून निघून गेलेली असायचीस." मी त्याला म्हटलं, आता कितीही लांब जा, मी इथंच आहे. मग दोघंही थोडं रडलो आणि मग मी चहा केला.

हिवाळ्यात चटई गुंडाळून माळ्यावर गेली. तो पलंगावर आला, पण मधे अंतर ठेवून. डॉक्टरांनी हेही आधीच सांगितलं होतं की औषधांनी इच्छा काही काळ दबते, घाई करू नका, डोस बघून बदलू. हे कुणीतरी तोंडानं, स्पष्ट बोललं, याचंच मला केवढं बरं वाटलं. हळूहळू अंतर कमी झालं. झोपेत त्याचा पाय माझ्या पायावर यायला लागला. मग एकदा सकाळी चहा करताना पाठीवर हात आला, आणि दूध उतू गेलं तरी मी हलले नाही.

आणि मग तो रविवार. उन्हाळा लागला होता. दुपारची जेवणं झाली होती, कुलरचा आवाज चालू होता, मी पडद्याला टाके घालत बसले होते. तो दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवत होता. गिऱ्हाईक इस्लामपूरकडचं होतं आणि त्याला नळ्या हव्या होत्या पण भोकं नसलेल्या. सांगता सांगता तो थांबला. मी घाबरून वर बघितलं. पण हे थांबणं वेगळं होतं. तो माझ्याकडे बघत होता.

"तू मांडवात सगळ्यांसमोर म्हणालीस, मला माझा नवरा हवाय," तो म्हणाला. "त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय माझं."

"मग दे," मी म्हणाले.

"मला पण तू हवी आहेस. लय."

माझ्या हातातली सुई कुठं गेली ते मला आजतागायत माहीत नाही. तो उठून माझ्याकडे आला, आणि या वेळी ताठ नव्हता, दमलेला नव्हता, घाईत मात्र होता. आणि नेमकी दाराची बेल वाजली.

"आवं, उघडा की! शेंगा आणल्यात!" आक्काचा आवाज, अख्ख्या जिन्यात घुमणारा.

मी उठायला लागले. त्यानं माझा हात धरून ठेवला. बेल पुन्हा वाजली. लग्न झाल्यापासून मी सासूला कधी दारात उभं केलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे, आणि आम्हाला हसू फुटलं. मी तोंडावर हात दाबला. त्यानं दाबला नाही. तो मोठ्यानं, मोकळा, पोट धरून हसला, जसा कॉलेजात हसायचा तसा. बाहेर आक्कानं ते ऐकलं असणारच. तिसऱ्यांदा बेल वाजली नाही. फक्त पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग शेजारच्यांचं दार वाजवत आक्का म्हणाली, "आवं वैनी, जरा बसू का तुमच्यात? माझी पोरं कामात हाईत."